शेवटचं ऐकलं

रुद्राप्पा तुरमरी वारला त्याला आज एकोणीस दिवस,
आणि रुद्राप्पा तुरमरी आत्ता संकेश्वर सोडून
ताशी बावन्नच्या वेगानं उत्तरेला निघालाय.

माझ्या नकाशावर तरी.
निळी छोटी व्हॅन, खाली त्याचं कॉलसाइन,
शेपटाला डॅश नऊ. नऊ म्हणजे गाडी.
सात म्हणजे माणूस, हातात संच, पायी.
सात आता उमटणार नाही.

पोरानं गाडी आठ दिवसांत विकली.
डॅशबोर्डखालचा डबा कुणी बघितला नाही,
काडेपेटीएवढा. मीच बसवला होता,
दोन स्क्रू पितळेचे, एक लोखंडाचा,
कारण तिसरा पितळेचा सापडेना
आणि त्याला चहाची घाई.
किल्ली फिरली की डबा आकाशाला विचारतो, मी कुठं?
उत्तर आलं की सगळ्यांना सांगत सुटतो.

सरळ रस्त्यावर गप्प.
वळण आलं की बोलतो.
रुद्राप्पाही तसाच. टेलिफोन खात्यात तीस वर्षं
दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली,
स्वतःचं बोलणं संध्याकाळी सातसाठी राखून ठेवलं:
"एल्लिदीपा?"
घरातच आहे की, मी म्हणायचो. वडगावात. कुठं जाणार?
तो कन्नडात विचारी, मी मराठीत सांगे,
आणि येळ्ळूरच्या डोंगरावरचा रिपीटर
दोघांचं जसंच्या तसं पुढं ढकली.
इतका निमूट शेजारी मला गल्लीत मिळाला नाही.

कायदा पाठ आहे मला.
गेलेल्या माणसाचं कॉलसाइन हवेत जाता कामा नये.
क्लबातल्या पिंटोचा दोनदा फोन आला,
"अंकल, ते बंद करायला हवं."
करतो म्हटलं, उद्या.
उद्या तो चिकोडीत होता.
परवा गोकाकला, धबधब्याकडच्या वळणांवर
इतका बोलला, इतका बोलला
की रस्ताभर ठिपकेच ठिपके.
बुधवारी कोगनोळीचा नाका ओलांडला,
नकाशाचा रंग बदलला, ठिपक्याचा नाही.
कागलला चहाएवढा थांबला. माघारी फिरला.
जिवंतपणी कधी एवढा हिंडला नव्हता.
नीलव्वा म्हणायची, ह्यांना नकाशा पाहिजे, गाव नको.

शेवटी गाठला, निपाणीत,
तंबाखूच्या वखारींमागं.
व्हॅनमधून गाद्या उतरत होत्या.
मेहबूब नदाफ, विशीतला, भुवयांवर कापूस.
डबा दाखवला. काय करतो ते सांगितलं.
"म्हणजे मी कुठं जाऊलोय ते कळतंय?"
कळतं.
"कोणाला?"
मला, म्हटलं. मग खरं सांगावं म्हणून: अजून दोघा-चौघांना.
तो गादीच्या वळकटीवर टेकला.
"मग असू दे की वं.
आमच्या घरात बी एवढं कोण विचारत नाही."

काढला. काढावाच लागतो.
पितळेचे लगेच सुटले.
लोखंडाचा गंजला होता, त्यानं अर्धा तास खाल्ला,
मेहबूब टॉर्च धरून उभा.

घरी आणून टेबलावर एकदा, एकदाच, वीज दिली.
गुन्हा आहे. माझ्या नावावर लिहून ठेवा.
खिडकीशी धरला, आकाश सापडायला तीन मिनिटं लागली.
मग माझ्या घरावर दोन नावं उमटली,
एकावर एक, अक्षरांत अक्षरं गुंतलेली,
कुठलंच धड वाचता येईना.

वायर ओढली.

यादीत आता त्याच्यापुढं येतं:
शेवटचं ऐकलं, चार मिनिटांपूर्वी.
जेवून येईपर्यंत चाळीस.
उजाडता उजाडता सात तास.
पुढं यंत्र दिवस मोजेल, त्याला कंटाळा नाही.

सात वाजता मी संच लावतो.
खरखर.
घरातच आहे की, म्हणतो. वडगावात.